मातीत एम.टेक.

एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा निकाल मार्चमध्ये लागतो आणि पुढचे दोन-तीन महिने आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांना एकदम भाव येतो. एरवी आम्ही आहोत की गेलो याची चौकशी न करणारी मंडळी फोन करतात, ‘सर, पोराला जरा तुमच्याकडे पाठवतो.’ पोरगा येतो, पाणी नको म्हणतो आणि मोबाइलवर एक्सेल उघडून माझ्या नाकासमोर धरतो. त्यात संस्था, शाखा, सरासरी पॅकेज, सगळ्यांत मोठं पॅकेज, असे रकाने. शेवटी एक रकाना ‘क्राउड’. कुणाच्या हाताखाली काम करायचं, याचा रकाना मात्र मी अजून एकाही एक्सेलमध्ये पाहिलेला नाही.

दोष पोरांचा नाही. तीन तासांत ६५ प्रश्न सोडवायचे, १०० गुणांचा पेपर, त्यातून हजारपैकी एक स्कोअर निघणार आणि तो तीन वर्षं चालणार. ज्याची सुरुवातच आकड्याने झाली, तो पुढेही आकडेच बघणार. त्यातून मे महिन्यात आयआयटींच्या ऑफरच्या पोर्टलवरच्या फेऱ्या सुरू होतात. दर फेरीला तीन पर्याय. मिळालं ते घेतलं, विषय संपला. किंवा हे नकोच, थांबतो. आणि मधला, सगळ्यांचा लाडका, ‘रिटेन अँड वेट’. म्हणजे या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून ठेवायचा आणि मागची गाडी रिकामी येते का, ते फलाटावर उभं राहून बघायचं. मराठी माणसाला हा पर्याय कुणी समजावून सांगावा लागत नाही. फक्त इथे रुमाल टाकणारा एकटा पोरगा असतो आणि फलाटावर आई, बाबा, काका, क्लासवाले सर आणि शेजारचा ऑस्ट्रेलियात असलेला मुलगा, एवढे उभे असतात.

यंदा भाच्याचा नंबर होता. पोरगा सिव्हिलचा. सिव्हिलवाल्या प्रत्येकाला ‘स्ट्रक्चर’ हवं असतं, त्यामुळे ते बहुतेकांना मिळत नाही. यालाही मिळालं नाही. हातात दोन गोष्टी होत्या. दूरच्या एका आयआयटीत ट्रान्स्पोर्टेशन, दोन वर्षं. आणि मुलाखतीतून आलेलं पवईच्या आयआयटीतलं जिओटेक्निकल, म्हणजे मातीचं, पण ‘आरए’ म्हणून, तीन वर्षं.

आधी ही टीए-आरएची भानगड सांगतो. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट: आठवड्याला ८ तास पदवीच्या पोरांची ट्यूटोरियलं घ्यायची, पेपर तपासायचे, प्रयोगशाळेत उभं राहायचं. त्याबद्दल महिन्याला १२,४०० रुपये. पहिलं वर्ष तासांचं, दुसरं प्रबंधाचं. आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट: विभागाचं किंवा प्रकल्पाचं काम जास्त, उपकरणांशी सोयरीक जास्त आणि पदवीला वर्ष एक जास्त. बंगळूरच्या आयआयएस्सीतही अशी दोन दारं आहेत: तासांचं एम.टेक. आणि संशोधनाचं एम.टेक. पोरं पहिल्या दाराशी गर्दी करतात आणि दुसऱ्याकडे, तिथे कुणाचं तरी सुतक असावं तसं बघतात.

ताईचा फोन आलाच. “अरे, चार वर्षं इंजिनिअरिंग करून शेवटी मातीच?” मागून भाऊजींचा आवाज, “तीन वर्षं माती खायला पवईपर्यंत कशाला जायचं? ती इथेही खाता येते.” भाऊजी बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना एक वर्ष म्हणजे किती व्याज, हे तोंडपाठ असतं.

मी त्यांना क्लॉड शॅननची गोष्ट सांगितली. १९३६ साली मिशिगनहून पदवी घेऊन बाहेर पडताना त्याने सूचनाफलकावर एक जाहिरात वाचली. एमआयटीत व्हॅनेव्हर बुश यांचं डिफरन्शियल अॅनलायझर नावाचं एक अवाढव्य गणनयंत्र होतं, ते चालवायला माणूस हवा होता. म्हणजे आपल्या भाषेत आरए! दांडे, चाकं, दंतचक्रं यांचं ते धूड. इतर शास्त्रज्ञ आपली समीकरणं घेऊन येणार आणि शॅनन ती यंत्रावर चढवणार. त्या यंत्राचं नियंत्रण शंभरेक रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, करत होते. ते उघड-बंद, उघड-बंद होताना बघता बघता त्याला कॉलेजात शिकलेलं जॉर्ज बूलचं तर्काचं बीजगणित आठवलं. हे रिले म्हणजे तर तेच गणित तारांनी मांडलेलं! १९३७ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने यावर मास्टर्सचा प्रबंध लिहिला. आज खिशातल्या मोबाइलमध्ये जे सर्किट आहे, त्याची मांडणी त्याच विचारावर चालते. एवढा पाया घालणारा मास्टर्सचा दुसरा प्रबंध माझ्या तरी ऐकिवात नाही.

भाऊजी शांतपणे म्हणाले, “बरं. आणि पॅकेज किती मिळालं त्याला?”

आता सगळेच काही शॅनन होत नसतात, हे मलाही कळतं. पण त्याने संस्था निवडली तशी एक खोलीही निवडली, ज्या खोलीत एक यंत्र होतं आणि त्याच्यासमोर तासन् तास बसायची सक्ती होती. एम.टेक.मध्ये खरी निवड असते ती या खोलीची. बाकी संस्थेचं नाव घराच्या पाटीवर लावायला ठीक आहे. म्हणून मी येणाऱ्या पोरांना सांगतो, जाऊन प्रयोगशाळा बघ. दुसऱ्या वर्षाचा एखादा कंटाळलेला विद्यार्थी पकड, त्याला चहा पाज आणि दोनच प्रश्न विचार: सर मेलला उत्तर देतात का, आणि मशीन बंद पडलं तर दुरुस्तीला किती महिने लागतात? संस्थेच्या रँकिंगपेक्षा या दोन उत्तरांवर पुढच्या आयुष्याचं सुख जास्त अवलंबून असतं.

भाचा पवईला जाऊन आला. परत आला तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “मामा, तिथे एक जण मातीला दाबत बसला होता.”

कन्सॉलिडेशनची चाचणी. चिकणमातीची ६० मिलिमीटर व्यासाची, २० मिलिमीटर जाडीची चकती कड्यात बसवायची, वर वजन ठेवायचं आणि ती किती खचते ते डायल गेजवर वाचायचं. पाव मिनिटाला, एक मिनिटाला, मग सव्वादोन, चार, सव्वासहा, नऊ... कारण आलेख काढायचा तो वेळेच्या वर्गमुळावर. असं एक वजन २४ तास ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वजन दुप्पट, पुन्हा पाव मिनिटापासून सुरुवात. एका चकतीचा आठवडा जातो. आणि १ डिसेंबरला कॅम्पसवर प्लेसमेंट सुरू होतात याची मातीला काही कल्पना नसते. कोट-टाय घालूनही रीडिंग घ्यावंच लागतं.

“त्याला चहाला जायचं होतं,” भाचा म्हणाला, “तर मला म्हणाला, तेवढं नऊ मिनिटांचं घेऊन ठेव.”

“घेतलंस?”

“नऊचं घेतलं. मग तो येईना, म्हणून सव्वाबाराचं पण घेतलं.”

मी आणखी काही विचारलं नाही. चहा-पोह्यांवर मात्र मी जरा बोललो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर बांधलेल्या भिंतींना ती स्वस्थ बसू देत नाही. २०१४ ला दरडीखाली माळीण गेलं, २०२३ ला इर्शाळवाडी. डोंगराच्या उतारात पाणी मुरतं तेव्हा आत काय होतं, हे कळणारी माणसं महाराष्ट्राला जास्त लागतील का स्ट्रक्चरवाली, याचा रकाना एक्सेलमध्ये कसा करायचा ते मला सांगता येणार नाही. भाचा पोहे खात होता. त्याचं लक्ष होतं असं वाटत नाही.

पुढच्या फेरीत त्याने रुमाल वगैरे न टाकता पवई घेऊन टाकली. ताईने दोन दिवस अबोला धरला, त्याच्याशी नाही, माझ्याशी. तिसऱ्या दिवशी फोन.

“काय रे, आमच्या सोसायटीची मागची कंपाउंडची भिंत गटाराच्या बाजूला कलली आहे. सेक्रेटरी म्हणत होते, तुमचा मुलगा मातीतलाच ना, बघेल का म्हणून.”

“ताई, त्याला अजून हॉस्टेलची खोलीसुद्धा मिळालेली नाही.”

“असू दे ना,” ताई म्हणाली, “रविवारी जेवायला येईलच की. तेव्हा बघेल.”