खात्रीपूर्वक पुसण्याची मार्गदर्शिका

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या ज्या कार्यालयांत संगणक आहे, संगणकात माणसांची नावे आहेत आणि प्रत्येक नावाशेजारी कचऱ्याच्या डब्याचे छोटेसे चित्र आहे, अशा सर्व कार्यालयांसाठी ही मार्गदर्शिका आहे. हा डबा 'जतन करा' या बटणाला खेटून ठेवण्याची प्रथा सर्वत्र आढळते. त्यामुळे अधूनमधून जिवंत माणूस पुसला जातो आणि दुपारी काउंटरवर येऊन आरडाओरडा करतो. कामकाजात व्यत्यय येतो. हे टाळण्यासाठी पुसण्याआधी विचारण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये करणे आवश्यक आहे. प्रश्न कसा विचारावा, कोणाला विचारावा आणि विचारल्याचे पुण्य पदरात पाडून उत्तराची जबाबदारी कशी झटकावी, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पायरी १ : प्रश्न मोघम ठेवावा

'खात्री आहे का?' एवढे पुरे. कशाची, ते लिहू नये. समजा पडद्यावर असे आले की, 'बेला मंडलातील पाच माणसांच्या घराचे रेशन कार्ड बंद होईल. उद्यापासून यांना तांदूळ मिळणार नाही.' असे वाचले की ऑपरेटर थांबेल, चष्मा पुसेल, शेजारच्याला विचारेल. तोवर मीसेवा केंद्राबाहेरची रांग रस्त्यापर्यंत जाईल. मोघम प्रश्नाला मोघम 'हो' मिळते आणि काम पुढे सरकते. 'हो' हे उत्तर आधीच निवडून ठेवले तर एंटर दाबण्यापलीकडे ऑपरेटरला काही करावे लागत नाही.

पायरी २ : प्रश्न सतत विचारावा

पावती छापताना विचारावा, जतन करताना विचारावा, खिडकी बंद करताना विचारावा. मॅकिन्टॉश संगणकाचा प्रकल्प ज्यांनी सुरू केला ते जेफ रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक तक्रार केली आहे. ज्या प्रश्नाला दरवेळी 'हो' म्हणावे लागते, त्याचे उत्तर डोके देत नाही, बोट देते. 'पुसा' आणि 'हो' या दोन कळा मिळून हाताची एकच सवय होते. रास्किन यांना हा दोष वाटला. आपण त्याला कार्यक्षमता म्हणावे.

पायरी ३ : बटणांवर संभ्रम राखावा

'कार्ड रद्द करायचे आहे का?' असे विचारून खाली दोन बटणे द्यावीत : 'ठीक' आणि 'रद्द'. कार्ड वाचवू पाहणारा 'रद्द' दाबण्याआधी घाबरेल, कार्ड घालवू पाहणाराही घाबरेल. दोघांनाही समान वागणूक मिळते. प्रश्न इंग्रजीत असावा हे सांगायला नकोच. तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी बोलणाऱ्या जिल्ह्यात कोणा एकाची बाजू घेतल्यासारखे होऊ नये.

पायरी ४ : पुसणाऱ्यालाच विचारावे

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. नाव ज्याचे जाणार आहे त्याला विचारले तर तो नको म्हणण्याचीच शक्यता अधिक, म्हणून त्याला मध्ये घेऊ नये.

तेलंगणात २०१६ पासून लाखो रेशन कार्डे रद्द झाली. घरी न जाता, नोटीस न देता, संगणकाच्या निकषांवर कार्डे काढली, अशी तक्रार घेऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करायला सांगितले. म्हणजे जो प्रश्न आधी एका दारात विचारायचा, तो सहा वर्षांनी १९ लाख दारांत विचारण्याची वेळ आली. अभ्यासूंनी येथे एवढेच टिपावे की प्रश्न पुढे ढकलता येतो.

पुसणाऱ्याला विचारण्याचा आणखी एक फायदा असा की त्याला खरोखरच खात्री असते. हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा आला. तो पाठवण्याआधी संगणकाने खात्रीचा प्रश्न विचारला होता आणि कर्मचाऱ्याने होकार दिला होता. सराव चालू असताना त्याला हल्ला खराच वाटला, असे चौकशीत पुढे आले. त्याची खात्री पक्की होती, माहिती चुकीची होती. 'हे खोटे होते' असा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटे लागली, कारण इशारा मागे घेण्याची सोयच तयार नव्हती. पुढे तिथल्या यंत्रणेने इशाऱ्याला दोन माणसे लागतील असा नियम केला आणि मागे घेण्याची सोयही केली. हा अतिरेक आपल्याकडे परवडणारा नाही.

पायरी ५ : घाऊक पुसताना विचारू नये

एक नाव पुसताना एकदा विचारावे, लाख नावे पुसताना अजिबात विचारू नये. लाख वेळा विचारणे अव्यवहार्य आहे आणि एकदाच विचारले तर आकडा नजरेस पडतो.

मतदार यादीच्या बाबतीत मात्र कायदा आडवा येतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २२ नुसार, मतदार तेथे राहत नाही अशा कारणाने नाव काढायचे असेल तर आधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. खात्रीचा प्रश्न, तोही योग्य माणसाला, संसदेने संगणक येण्यापूर्वीच लिहून ठेवला आहे. २०१५ साली देशभर मतदार याद्यांचे 'शुद्धीकरण' निघाले, त्यात नाव आधारला जोडायचे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्टमधील आदेशानंतर ती मोहीम थांबली. पुढे ७ डिसेंबर २०१८ रोजी तेलंगणात विधानसभेचे मतदान झाले तेव्हा अनेकांना केंद्रावर पोचल्यावर कळले की आपण यादीत नाही. बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा त्यांपैकी एक. मुख्य निवडणूक अधिकारी रजत कुमार यांनी माफी मागितली. माफी ही घाऊकच मागता येते, ही तिची सोय आहे. नावे मात्र एकेक करून, अर्ज भरून परत घालावी लागतात.

पायरी ६ : विचारावे, पण उत्तर वाचू नये

याचे उत्तम उदाहरण जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. हैदराबाद राज्य नकाशावरून पुसण्याआधी १९५३ साली राज्य पुनर्रचना आयोग नेमला. त्याने देशभर फिरून दीड लाखाहून अधिक निवेदने स्वीकारली. इतका लांबलचक खात्रीचा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नसेल. तेलंगणाचे निदान काही वर्षे तरी वेगळे राज्य ठेवावे, असे उत्तर आयोगाने १९५५ मध्ये दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलंगण आंध्रात विलीन झाले. त्याच दिवशी आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्याकडे गेले आणि काही सोयरीक राज्याच्या सीमेच्या अलीकडे, काही पलीकडे राहिली. ते विलीनीकरण पूर्ववत व्हायला २ जून २०१४ उजाडला. 'पूर्ववत करा' हे बटण न दिल्यास किती वेळ लागतो, याचा हा अधिकृत अंदाज समजावा.

पायरी ७ : कागदाच्या जुन्या खोडी सॉफ्टवेअरमध्ये आणू नयेत

पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात, सातबाऱ्यावरून नाव काढायचे तर तलाठी फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस देतो, चावडीवर लावतो, हरकतीसाठी १५ दिवस थांबतो. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. इतके होऊनही जुने नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातले नाव वाचता येते, शेजारच्या फेरफार क्रमांकावरून कोणी, कधी, कशाच्या आधारे काढले तेही शोधता येते. हा प्रकार धोकादायक आहे, कारण चूक सापडते.

तेलंगणाने यावर जलद उपाय काढला होता. सप्टेंबर २०२० मध्ये गावपातळीवरचे व्हीआरओ (ग्राम महसूल अधिकारी) हे पद बंद झाले आणि २९ ऑक्टोबरला 'धरणी' हे जमीन नोंदींचे पोर्टल सुरू झाले. नोंदणी झाली की तिथल्या तिथे फेरफार. ज्याचे शेत पासबुकातून गळले तो शेतकरी तहसीलदाराकडे जाई, तहसीलदार संगणकाकडे बोट दाखवी. २०२५ मध्ये धरणीच्या जागी 'भूभारती' आली आणि अपिलाची वाट परत उघडावी लागली. घाईने काढलेल्या पायऱ्या नव्या कायद्याने परत बसवाव्या लागतात, त्यामुळे कायदा करणाऱ्यांच्याही हाताला काम राहते.

पायरी ८ : कचरापेटी ठेवू नये

१९९५ पासून विंडोजमध्ये पुसलेली फाइल आधी एका पेटीत जाते. जीमेलमध्ये टाकून दिलेले पत्र ३० दिवस पडून असते. भाचीच्या बारशाचा फोटो महिनाभर परत मिळू शकतो. एवढी चैन शिधापत्रिकेला देऊ नये.

नागरिकांसाठी सूचना

नागरिकांनी आपापली जादा प्रत राखावी. महाराष्ट्रातील जिवती तालुका आणि तेलंगणातील केरामेरी मंडल यांच्यामधल्या वादग्रस्त १४ गावांनी हे तंत्र आत्मसात केले आहे. केरामेरी २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. या गावांवर महाराष्ट्रही हक्क सांगतो, तेलंगणही. त्यामुळे तिथे अनेकांकडे दोन रेशन कार्डे, दोन मतदार ओळखपत्रे आहेत. एका राज्याच्या संगणकाने पुसले तरी दुसऱ्याच्या संगणकात माणूस शिल्लक राहतो. बाकीच्या जिल्ह्याने वादग्रस्त होण्यासाठी प्रयत्न करावेत.

परिशिष्ट : ज्यांना खरोखरच चूक टाळायची आहे, अशा हट्टी लोकांसाठी

अ. किरकोळ कामाला प्रश्न विचारू नये, परत फिरण्याची सोय द्यावी. प्रश्न राखून ठेवावा तो जे परत आणता येत नाही त्यासाठी.

आ. काय जाणार, कोणाचे जाणार, किती जणांचे जाणार, हे पडद्यावर लिहावे आणि 'हो' ऐवजी ते नाव ऑपरेटरला टाइप करायला लावावे. पाच जणांची नावे टाइप करताना बोट आपोआप थबकते.

इ. घाऊक यादीला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागावी आणि त्या दुसऱ्याने यादीतली काही घरे पायी जाऊन पाहावीत.

ई. पुसण्याची नोटीस त्या घरी, त्या घरच्या भाषेत पोचावी. तिची मुदत संपेपर्यंत तांदूळ चालू राहावा.

उ. पुसलेली नोंद कंसात ठेवावी, पुसणाऱ्याच्या नावासह.

ऊ. ज्या काउंटरवर नाव पुसता येते, त्याच काउंटरवर ते परत घालता यावे. पुसायला एक कळ आणि परत आणायला हैदराबादची गाडी, असे अंतर ठेवू नये.

ए. पुसलेला माणूस समोर उभा राहून 'मी आहे' म्हणाला, तर त्याच्याकडे हयातीचा दाखला मागू नये. मृत्यूचा दाखला संगणकाकडे मागावा.