बिलावर नुसतं ‘गेमिंग पीसी’ नको

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा. या तालुक्यांतला शेतकरी घरचं सोयाबीन पेरायचं ठरवतो तेव्हा आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि मग कोंब मोजतो. सत्तरच्या वर निघाले तरच पेरणीची गोष्ट. बियाणं विकतचं असेल तर पिशवी, लेबल आणि बिल जपून ठेवतो, कारण २०२० च्या खरिपात न उगवलेल्या सोयाबीननं ती सवय अंगी बाणवली. त्याच घरात पोरासाठी संगणक येतो, आणि बिलावर एकच ओळ असते: ‘गेमिंग पीसी, १ नग’. ना पिढी, ना मॉडेल, ना वॅट. दाण्याची परीक्षा घेणाऱ्या घरानं इथं डोळे मिटावेत, हे मला मान्य नाही.

रक्कम लहान नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे पन्नास हजारांचा संगणक हमीभावानंसुद्धा नऊ क्विंटलांहून जास्त सोयाबीन खातो. एवढा माल देऊन घेतलेल्या वस्तूला प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न: पिढी कोणती? खोक्यावर ‘आय-७’ लिहिलं म्हणजे काहीच कळत नाही. आय-७ ४७७० मधला पहिला ४ सांगतो की हा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, २०१३ चा आहे. आय-३ १२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ चा. दोघांतही चार कोअर आहेत, पण नवा आय-३ त्या जुन्या आय-७ ला सहज मागं टाकतो. चौथ्या पिढीला विंडोज ११ ची अधिकृत मान्यता नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तो प्रोसेसर नवीन कॅबिनेट आणि रंगीत पंख्यांच्या आड बसवून ‘नवा गेमिंग पीसी’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे. जुना म्हणून, जुन्याच्या भावात विका. कुणाची तक्रार नाही.

दुसरा प्रश्न: प्रोसेसर आणि मदरबोर्ड जुळतात का? एएमडीच्या एएम ५ सॉकेटला फक्त डीडीआर ५ रॅम चालते, एएम ४ ला डीडीआर ४. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारचे निघतात, पण एका बोर्डात सहसा एकच प्रकार चालतो. खाचच वेगळी असल्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. २०१८ च्या बी ४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर चालतो, पण बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, अद्ययावत केलेलं असेल तरच. नाहीतर घरी आणल्यावर पडदा काळा, आणि पोराला वाटतं की जोडताना आपणच काहीतरी बिघडवलं. बायोसची जबाबदारी विकणाऱ्याची, पोराची नव्हे.

तिसरा प्रश्न: चित्र कोण दाखवणार? इंटेलच्या नावापुढं ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. रायझन ५ ५६०० मध्येही नाही; ५६००जी मध्ये आहे. ज्यांचं बजेट आज कार्डापर्यंत पोचत नाही, त्यांनी ५६००जी सारखा प्रोसेसर घ्यावा आणि रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिकमध्ये बसवावी. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं आणि दोन स्टिकनी त्याचा वेग चांगलाच वाढतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलल्यामुळं २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, म्हणून एकाच स्टिकवर भागवायचा मोह होतो. तो टाळा. आणि जीटी ७१० किंवा ७३० ला ‘४ जीबी गेमिंग कार्ड’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. ती कार्डं दहा वर्षांपूर्वीही खेळासाठी नव्हती.

चौथा प्रश्न, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा: सगळ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस कोणता? कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा ४५० वॅटचा डबा उलटा करून त्यावरचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. तिथं १६ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले सोळा, हाती आले १९२ वॅट. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅटचं, प्रोसेसर ६५ वॅटचा. दोघांचेच १९७ झाले. पंखे, डिस्क अजून बाकीच. असा संगणक ऐन खेळात बंद पडतो, आणि डबा जळला तर शेजारचे महागडे भागही घेऊन जातो. व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या आपल्या गावांत नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस मानांकनाचा एसएमपीएस ही चैन नाही, गरज आहे. पैसे कमी पडले तर रंगीत दिवे कापा, काचेचं कॅबिनेट कापा. एसएमपीएस कापू नका.

पाचवा प्रश्न: हवा कुठून येणार? पारा चाळिशीच्या पार गेलेल्या वऱ्हाडी उन्हाळ्यात समोरून बंद काच असलेलं कॅबिनेट घेणं म्हणजे कार्डाचा वेग स्वतःच्या हातानं कमी करणं. पुढं जाळी हवी, एक पंखा आत हवा घेणारा आणि एक मागं बाहेर फेकणारा हवा. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, तेही आधीच मोजून घ्या.

पालकांनाही एक सांगतो. ‘खेळायला कशाला एवढा खर्च’ असं म्हणून विषय झटकू नका. ज्या यंत्रावर खेळ नीट चालतो, त्याच यंत्रावर ब्लेंडर, कॅड, व्हिडिओ एडिटिंग आणि प्रोग्रामिंग चालतं. पोरगी किंवा पोरगा सॉकेट, वॅट आणि रॅम यांचा मेळ घालत वहीत यादी करत असेल, तर तो अभ्यासच आहे. शेजारी बसा आणि ती यादी वाचा.

दुकानात जाल तेव्हा तीच वही सोबत न्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कार्ड, एसएमपीएस, एसएसडी या प्रत्येकाचं पूर्ण मॉडेल नाव, नवा की जुना आणि वॉरंटी किती, हे पक्क्या बिलावर लिहून घ्या. तिथंच संगणक सुरू करून अर्धा तास खेळ चालवून पाहा. आणि दुकानदार लिहून देत नसेल तर पैसे खिशात ठेवा, दुसऱ्या दुकानाची पायरी चढा.