चौदांच्या संघातले पंधरावे

1983 साली विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघात चौदा खेळाडू होते. कपिलदेव, मोहिंदर अमरनाथ, गावसकर, श्रीकांत, यशपाल शर्मा, संदीप पाटील, वेंगसरकर, शास्त्री, कीर्ती आझाद, बिन्नी, मदनलाल, किरमाणी, बलविंदर संधू आणि सुनील वॉल्सन. मोजून पाहा. पंधरावे आमच्या विंचूरला राहतात.

त्यांचं नाव छापण्यात अर्थ नाही. असा एक गृहस्थ निफाड तालुक्यातल्या, खरं तर महाराष्ट्रातल्याच प्रत्येक गावात असतो. तेव्हा वाचकांनी आपापल्या गावातलं नाव इथे घालून घ्यावं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लासलगाव बाजार समितीचा जो उपबाजार विंचूरला भरतो, तिथे त्यांनी मापारी म्हणून उभा जन्म काढला. कांद्याच्या वजनात या माणसाने कधी पाव किलोचा घोळ केला नाही. व्यापाऱ्याने डोळे वटारले तरी काटा हलला नाही, शेतकरी रडला तरी हलला नाही. पुढे भुईकाटे आले, अख्खी ट्रॉली एकदम तोलली जाऊ लागली, तरी अण्णा पावतीवरचा आकडा चष्मा पुसून पुन्हा वाचायचे.

हाच माणूस क्रिकेटवर बोलू लागला की काटा सुटतो. टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध कपिलने मारलेला एक षटकार, आम्ही शाळेत होतो तेव्हा, मैदानाच्या कडेच्या झाडीत पडायचा. आम्ही कॉलेजात गेलो तोवर तो झाडीपलीकडे गेला होता. हल्ली तो ज्या अंतरावर पडतो ते ऐकून एकाने हिशेब केला, तर विंचूरच्या तीन पाटीवरून मारलेला चेंडू लासलगाव स्टेशनात जातो असं निघालं. अण्णांना हा हिशेब दाखवला. म्हणाले, "जाईल. वारा असला तर जाईल."

सांगण्याची जागा ठरलेली. तीन पाटीवरची चहाची टपरी, लिलाव संपल्यानंतरची वेळ. सुरुवात नेहमी पराभवापासून. आधीच्या दोन विश्वचषकांत मिळून आपण एकच सामना जिंकलो होतो, तोही पूर्व आफ्रिकेशी. 1979 ला तर श्रीलंकेनेही हरवलं. आणि 1975 ला इंग्लंडविरुद्ध गावसकर साठ षटकं उभे राहिले आणि 36 नाबाद परत आले. यावर कोणी हसलं की अण्णा गंभीर होतात. "हसू नका. भाव पडलेला असला की शहाणा माणूस माल चाळीत ठेवतो. सुनीलने विकेट चाळीत ठेवली. भाव आलाच नाही, त्याला तो काय करणार?"

मग 18 जून 1983, टनब्रिज वेल्स. पाच बाद 17. इथे चहाचे पाच रिकामे ग्लास आडवे होतात. छत्री बॅट होते. अण्णा कपिलसारखे डावा खांदा पुढे काढून उभे राहतात, आणि बाकाशेजारच्या म्हाताऱ्याला "किरमाणी, तू फक्त उभा राहा" असं बजावतात. तो बिचारा एरवीही गुडघ्यांमुळे उभाच असतो. 138 चेंडूंत नाबाद 175, सोळा चौकार, सहा षटकार, नवव्या जोडीची 126 धावांची अभेद्य भागीदारी. आकडे पावतीसारखे चोख. फक्त षटकारांची लांबी तेवढी माणसानुसार बदलते. ऐकणारा नवखा असेल तर जास्त.

अण्णांच्या वैभवाचं खरं कारण मात्र वेगळं होतं. त्या दिवशी बीबीसीच्या लोकांचा संप होता म्हणतात. कॅमेरा नव्हता, त्यामुळे चित्रण नाही. जगातली इतकी मोठी खेळी, आणि तिची एक हलती फ्रेमसुद्धा शिल्लक नाही. लॉर्ड्सवरचा अंतिम सामना टीव्हीवर हजार वेळा दाखवला, रिचर्ड्सचा तो कपिलने मागे पळत घेतलेला झेल पोराबाळांना पाठ झाला, त्यात अण्णांना कोण विचारतो? पण टनब्रिज वेल्स पाहायचं तर अण्णांकडेच यावं लागे. अडतीस वर्षं विंचूर परिसरात या खेळीचं एकमेव प्रक्षेपण छत्रीवर चालू होतं.

आणि मग 24 डिसेंबर 2021 ला कबीर खानने "83" नावाचा सिनेमा आणला.

सिनेमा येणार येणार म्हणून दीड वर्ष गाजत होता. खरं तर तो 2020 च्या एप्रिलमध्येच यायचा होता, पण कोरोनाने सगळंच थांबलं. त्या काळात अण्णा वरवर बेफिकीर होते. "कोण तो रणवीर? नाचणारा ना?" पण चौकशी बारीक चालू असे. किरमाणी कोण करतोय, मॅनेजर मानसिंग कोण करतोय. पंकज त्रिपाठी म्हटल्यावर जरा हुश्श झालं. वेंगसरकर म्हणून आदिनाथ कोठारे आहे म्हटल्यावर, "म्हणजे महेश कोठारेचा पोरगा? मग ठीक आहे, घरातलाच आहे." संदीप पाटीलचं काम त्याचाच मुलगा चिराग करतोय, हे कळल्यावर मात्र ते बराच वेळ गप्प राहिले. "बापाच्या जागी लेक उभा करायचा," ते शेवटी म्हणाले, "हे आपल्याकडं फक्त निवडणुकीत चालतं असं वाटलं होतं."

लाल कांद्याची आवक जोरात होती, तरी आम्ही काहीजण एक दिवस काढून अण्णांना नाशिकला घेऊन गेलो. निफाड, चांदोरी मागे पडेपर्यंत त्यांनी आम्हाला सिनेमात काय काय चुकलेलं असणार, ते सांगून ठेवलं. थिएटरांना तेव्हा निम्म्याच प्रेक्षकांची परवानगी होती, एक खुर्ची सोडून बसायचं. अण्णांच्या दृष्टीने हा थेट अन्याय. शेजाऱ्याच्या कानात सांगायची दुरुस्ती आता एक खुर्ची ओलांडून सांगावी लागणार, म्हणजे सगळ्या थिएटरला. त्यांनी ती तशीच सांगितली.

कपिलचे दात जमले होते, हे त्यांनी मान्य केलं. मार्शलचा चेंडू वेंगसरकरच्या जबड्यावर बसला तेव्हा स्वतःचा जबडा धरून "आई गं" म्हणाले. श्रीकांतचं बोलणं आवडलं. मधेच मोहिंदर अमरनाथ स्वतःच आपल्या वडिलांच्या, लाला अमरनाथांच्या भूमिकेत आले आणि अण्णांना आनंद आवरेना. "हे बघा! इथं लेक बाप झाला!" पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मागे वळून पाहिलं. अण्णांना वाटलं, त्याला पुढची माहिती हवी आहे. ती त्यांनी दिली.

टनब्रिज वेल्स सुरू झालं तसे ते सावरून बसले. छत्री बरोबर आणली नव्हती, हात रिकामे होते. पाच बाद 17. पडद्यावर रणवीर बॅट घेऊन उतरला आणि अण्णा, जन्मात पहिल्यांदा, काही बोलले नाहीत. चौकार गेले, षटकार गेले. एका क्षणी प्रेक्षकांत बसलेला खरा कपिलदेव दिसला, तेव्हाही ते ओरडले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. मोबाइलचा उजेड पडला म्हणून मी पाहिलं, तर म्हातारा डोळे पुसत होता. आम्ही घाबरलो. मध्यंतरात विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. षटकार कमी लांब दाखवलाय."

सिनेमा धंद्यात फारसा चालला नाही. ओमायक्रॉनची भीती होती, "पुष्पा" आणि "स्पायडर-मॅन" आधीच ठाण मांडून बसले होते. पण विंचूरमध्ये त्याने अण्णांचं नुकसान करायचं ते केलंच. आता पोरांनी खेळी पाहिली होती. टपरीवर छत्री उघडली की कोणीतरी म्हणायचं, "अण्णा, रणवीर असा नाही मारत." चाळीस वर्षांच्या मालकीच्या जमिनीवर कोणीतरी येऊन सातबारा मागावा, तसा चेहरा व्हायचा त्यांचा.

मग अण्णांनी बाजू बदलली. ही माणसं अशी सहज हटत नाहीत. कपिल सिनेमावाल्यांना देऊन टाकला आणि ते न दिसलेल्या माणसांकडे वळले. यशपाल शर्मा घ्या. पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध 89, इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामन्यात 61. दोन्ही वेळा गाडा त्यानेच ओढला, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो संदीप पाटीलने बॉब विलिसला झोडपल्याचा शेवट. "आणि त्याला हा सिनेमा बघायलासुद्धा मिळाला नाही," अण्णा सांगतात. हे खरं आहे, यशपाल 13 जुलै 2021 ला गेले. स्पर्धेत सर्वांत जास्त, अठरा, बळी घेणारा रॉजर बिन्नी घ्या. बोर्डाकडे बक्षिसाला पैसे नव्हते म्हणून दिल्लीत लताबाईंनी कार्यक्रम केला, तेव्हा प्रत्येकाला लाखभर रुपये मिळाले, ते घ्या. जिंकल्यावर भारतीय खोलीत शॅम्पेन नव्हती, कपिलने ती वेस्ट इंडिजच्या खोलीतून मागून आणली, हेही सांगतात. यावर अण्णांची पुरवणी अशी की विंचूरचं वाइन पार्क तेव्हा असतं, तर ही वेळ आली नसती.

विंचूर हे पानिपतावरून जिवंत परतलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव, हा धागाही त्यांनी मधे लॉर्ड्सला जोडून पाहिला. पण लॉर्ड्सवर अब्दाली नव्हता, लॉइड होता, हे गावातल्या मास्तरांनी लक्षात आणून दिल्यावर तो विषय मिटला.

सगळ्यांत लाडका मात्र सुनील वॉल्सन. चौदांत निवडला गेला, इंग्लंडला गेला, एकही सामना खेळला नाही आणि जगज्जेता झाला. त्या स्पर्धेतच काय, पुढेही भारताकडून तो एकदाही खेळला नाही. लोक त्याच्यावर विनोद करतात. अण्णा करत नाहीत, कोणी केला तर उठून जातात. सौद्यात मापारी शेतकऱ्याचा नसतो आणि व्यापाऱ्याचाही नसतो, भाव चढला तर त्याला काही मिळत नाही, पडला तर त्याचं काही जात नाही, पण तो हजर नसेल तर तोल होत नाही. वॉल्सनची बाजू त्यांना कोणी शिकवायला नको.

आणि आणखी एक कारण आहे, जे अण्णांनी स्वतः कधी सांगितलेलं नाही. त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. 25 जून 1983, शनिवार, अंतिम सामन्याचा दिवस. आर्द्रा लागल्या होत्या. वाण्याच्या ओट्यावर रेडिओ, भोवती वीस-पंचवीस माणसं, त्यात नुकतीच दहावी दिलेले अण्णा. आपण 183 मध्ये आटोपलो होतो आणि रिचर्ड्स मारत सुटला होता. 28 चेंडूंत 33. अण्णा लघवीला म्हणून भिंतीमागे गेले आणि ओट्यावर आरोळी उठली: रिचर्ड्स गेला! ते पळत आले, तर सगळ्यांनी एकमुखाने फर्मावलं, "तू तिथंच थांब." तीन बाद 57 पासून सर्व बाद 140 पर्यंत हा मुलगा वाण्याच्या भिंतीमागे उभा होता. दुजाँ आणि मार्शलची जोडी जमली तेव्हा त्याने एकदा डोकावून पाहिलं, तर कोणीतरी चप्पल फेकून मारली. भारत 43 धावांनी जिंकला, तो त्याने दुसऱ्यांच्या ओरडण्यातून ओळखला. होल्डिंगला पायचीत देतानाचा शब्द त्याच्या कानावर पडलेला नाही.

म्हणजे अण्णांनी टनब्रिज वेल्स पाहिलं नाही, लॉर्ड्स ऐकलं नाही. बाकी सगळं त्यांना तोंडपाठ आहे.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींचा दक्षिण आफ्रिकेशी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आम्ही टपरीशेजारच्या दुकानात टीव्हीवर पाहत होतो. त्यांच्या वोल्वार्टचं शतक झालं, ती काही हलेना, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. तेव्हा अण्णा कोणी न सांगता उठले आणि बाहेर गेले. तिने चेंडू उंच मारला, अमनज्योत कौरच्या हातातून तो निसटला, पुन्हा निसटला आणि अखेर तिने तो एका हाताने धरला. 52 धावांनी आपण जिंकलो. चेंडू आधी दोनदा का निसटला, याचा खुलासा अण्णांनी दुसऱ्या दिवशी केला. दारात त्यांना चप्पल सापडत नव्हती.

विंचूरला कधी आलात तर तीन पाटीवर त्यांना जरूर गाठा आणि एकशे पंचाहत्तरबद्दल विचारा. मोबाइल खिशात ठेवा, वॉल्सनवर हसू नका, चहाचे पैसे तुम्ही द्या. आणि पुढची एसटी पकडायची घाई असेल तर विचारूच नका. तेव्हाचे सामने साठ षटकांचे होते.