जशी आहे तशी, जिथे आहे तिथे

गोंदियाची माणसं नागऱ्याला येतात ती जुन्या शिवमंदिरासाठी. मधली काही वर्षं आमच्या गल्लीत आणखी एक बघण्यासारखी वस्तू होती. शेजारच्या भाऊंनी लिलावात घेतलेली पोलिसांची जीप.

भाऊंचा पोलिसांशी तोवरचा संबंध एवढाच की ते समोर दिसले की भाऊ सायकलवरून उतरत. अशा माणसाने पोलिसांचीच गाडी अंगणात आणून उभी करावी, याला धाडस म्हणायचं की सूड, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरकारी गाडी मोडीत निघत नाही, तिचं 'निर्लेखन' होतं. जणू कुणीतरी तिला वहीतून हलकेच खोडलं. मग जाहीर लिलाव, अनामत रक्कम, बोली. आणि अटींत ती जगप्रसिद्ध ओळ: 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे'. सोयरीक जुळवताना हीच अट लेखी घेतली असती तर निम्म्या घरांतले वाद मिटले असते. भाऊंच्या बाबतीत 'जशी' म्हणजे चारही टायर गुळगुळीत आणि 'जिथे' म्हणजे बाभळीखाली, बोनेटवर शेळी.

लिलावातली गाडी नावावर करायला ३२ नंबरचा फॉर्म लागतो, तोही ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत, हे ज्ञान मला भाऊंच्या फेऱ्यांमुळे झालं. दिवा आणि सायरन आधीच उतरवलेले. तसा साहेबलोकांच्या लाल दिव्याचा जमाना १ मे २०१७ लाच संपला. १९९९ साली त्याच तारखेला भंडाऱ्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला होता. म्हणजे जिल्हा अठरा वर्षांचा, सज्ञान झाला आणि त्याच दिवशी दिवे उतरले. योगायोगच, पण मला आवडतो.

खरी पंचाईत दारावरच्या अक्षरांनी केली. उन्हाने सगळा पत्रा विटलेला, अक्षरांखालचा रंग तेवढा ताजा. खरवडावं तर 'पोलीस' आणखीच ठळक. भाऊंनी रंगाचा डबा आणला, तो 'पो'वरच आटोपला. उरलं 'लीस'. पानठेल्यावर लोक विचारू लागले, "लीजवर घेतली का जी?" एकीकडे पोलिसात नसलेली माणसं मोटारसायकलवर 'पोलीस' चिकटवून मिरवतात आणि हा भला माणूस रविवारचा रविवार तेच घासत बसलेला.

अक्षरं गेली तरी गाडीचा दरारा गेला नाही. समोरून तिघं बसलेली मोटारसायकल आली की तिसरा आपोआप उतरून पायी चालू लागे. पारावरचा पत्त्यांचा डाव मिटे. पानठेलेवाला पैसे घेईना आणि भाऊंनी आग्रह केला तर आणखीच घाबरे. हळूहळू भाऊंचाही आवाज खाली उतरला, भुवया वर गेल्या. "कुठून आला? कुठं चालला? सोबत कोण होतं?" असं ते पोराला विचारू लागले, तेव्हा वहिनींनी बजावलं, "घरात जबानी घेऊ नका."

मागच्या बाजूला लोखंडी दांडा होता, हातांनी घासून चकचकीत झालेला. कुणाचे हात, हे आम्ही कुणी बोललो नाही. त्याला टेकून आता धानाचे कट्टे निमूट बसत. आता असली गाडी मिळणं कठीणच. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते आणि त्या थेट भंगारात जातात. नोकरी झाल्यावर गावात येऊन चार पावसाळे धान वाहायची सोय काही त्यांच्या नशिबी नाही.

महाशिवरात्रीला भाऊ म्हातारबांना मंदिरात न्यायला निघाले. पुढे वहिनी आणि पूजेचं ताट. म्हातारबांनी मागचं दार बघितलं, दांडा बघितला आणि काठी टेकली. "मागं नाही बसत जी. सारं गाव पाहतंय."

मग ते चालत निघाले. भाऊ बिचारे पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागोमाग. यात्रेची गर्दी दुभंगून बाजूला झाली. दुकानदार उठून उभे राहिले. एका बाईने शेजारणीला विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, "कोण आहे वं हा म्हातारा? एवढा बंदोबस्त?"

म्हातारबांनीही ते ऐकलं असावं. काठी त्यांनी काखेत मारली.