जिना न काढता आर्किटेक्ट कसे व्हावे

पाच वर्षे, दहा सेमिस्टर आणि जवळजवळ प्रत्येक सेमिस्टरला एक डिझाइन प्रोजेक्ट. बी.आर्क.ची ही मांडणी पाहिली की विद्यार्थी चांगला डिझायनर होऊन बसण्याचा धोका उघड दिसतो. पहिल्या वर्षी बसथांबा किंवा बागेतला मंडप, मग घर, शाळा, हाउसिंग, शेवटी थीसिस. एकच काम इतक्या वेळा केल्यावर माणूस त्यात सुधारणारच, आणि ही सुधारणा एकदा अंगात भिनली की घरादाराला ताप होतो. असा विद्यार्थी लग्नाला गेला तरी मंगल कार्यालयाच्या जिन्यात थबकून पायऱ्या मोजतो. नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटमध्ये चहा यायच्या आत संडासाचे दार कुठल्या बाजूला उघडते ते पाहून येतो. पुढे त्याला कोणी बोलावत नाही. प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू असा की पदवी, बरे मार्क आणि देखणा पोर्टफोलिओ ही तिन्ही पदरात पडावी आणि ही व्याधी मात्र जडू नये. त्यासाठी पथ्य एकच: ज्या प्रश्नाचे उत्तर चूक ठरू शकते, तो प्रश्न शीटवर येऊ द्यायचा नाही. डिझायनर घडतो तो चुका उघड्या पडल्यामुळे. त्या पडायला जागाच ठेवली नाही तर पाच वर्षे कशी गेली ते कळतही नाही.

पथ्याची सुरुवात जिन्यापासून करावी, कारण जिन्याइतका चहाडखोर भाग इमारतीत दुसरा नाही. शाळेचा प्रोजेक्ट आहे असे धरू. एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत उंची ३.६ मीटर. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे शाळेतल्या पायरीची उंची १५० मिमीच्या वर नको आणि पाऊल ठेवायची जागा ३०० मिमीपेक्षा कमी नको. म्हणजे चोवीस उठाव, बारा-बाराच्या दोन फ्लाइट, प्रत्येकीची लांबी ३.३ मीटर, त्यावर दीड मीटरचे लँडिंग. रुंदी दीड-दीड मीटर धरली तर भिंती सोडून ३ मीटर बाय ४.८ मीटरची खोली झाली, आणि पहिल्या पायरीपाशी उभे राहायला जागा लागते ती वेगळीच. कॉन्सेप्टच्या टप्प्यावर मात्र या कामी दोन बाय तीनचा एक चौकोन सोडलेला असतो. खरा जिना त्यात बसवू गेले की कॉरिडॉर सरकतो, कॉरिडॉर सरकला की वर्ग आखडतो, वर्ग वाचवायला कॉलम हलवावा लागतो, आणि शेवटी जिच्या जिवावर सगळा प्रोजेक्ट उभा असतो ती डौलदार वळणाची भिंत दोन ठिकाणी मोडते. हा सगळा शोध लागायला एक रात्र लागते आणि त्या रात्रीनंतर विद्यार्थी पूर्वीसारखा राहत नाही. म्हणून चौकोनात दहा समांतर रेषा माराव्यात, एक बाण काढावा, ‘अप’ लिहावे आणि पुढे जावे. सेक्शनची रेषा जिन्यातून न्यावी असा संकेत आहे खरा. तिला दोन मीटर बाजूला घेऊन झाडातून न्यावे. झाड सेक्शनमध्ये फार छान दिसते.

हे ज्युरीत पकडले जाणार नाही का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर साध्या अंकगणितात मिळते. चाळीस जणांचा वर्ग, प्रत्येकाला दहा मिनिटे, म्हणजे बसल्या बैठकीला सहा तास चाळीस मिनिटे. बाहेरून आलेले ज्युरर अर्धा तास उशिरा आलेले असतात, मधे जेवण असते, आणि साडेतीननंतर कोणाच्याही पायऱ्या मोजण्याची ताकद मनुष्यप्राण्यात उरत नाही. दहा मिनिटांतली सहा विद्यार्थ्याने स्वतः बोलून संपवावीत. त्यात थ्रेशोल्ड, ट्रान्झिशन, मेमरी हे शब्द यावेत आणि एखादी नदी यावी. कॉन्सेप्टचा मोठा गुण असा की तो पटतो किंवा पटत नाही, पण चुकत कधी नाही. आणि ज्यावर मतभेद होऊ शकतो त्यावर बोलायला ज्युरीलाही आवडते. जिन्यावर मतभेद होत नाही. डोके आपटते किंवा आपटत नाही.

खरा धोका ज्युरीचा नाहीच, दर आठवड्याला टेबलाशी बसून होणाऱ्या चर्चेचा आहे. तिथे सर किंवा मॅडम पेन्सिल हातात घेऊन निवांत बसतात आणि त्यांना वेळही असतो. यावर अनुभवसिद्ध तोडगा म्हणजे दर खेपेला नवा कॉन्सेप्ट नेणे. मागच्या आठवड्यात शिंपला होता, या आठवड्यात वारूळ, पुढच्या आठवड्यात वाड्याचा चौक. नव्या कल्पनेवर पहिल्या दिवशी कोणी मापे विचारत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिलाच दिवस असला पाहिजे. शिवाय ट्रेसिंग पेपरचा ढीग वाढतो आणि मुलगी कष्टाळू आहे असा लौकिक होतो. एकच कल्पना घेऊन तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात जाणारे विद्यार्थी पाहावेत: त्यांची कल्पना उत्तरोत्तर कुरूप होत जाते, मग एके दिवशी अचानक सुधारते, आणि तोवर त्यांना मधली सगळी कारणे समजलेली असतात. व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते.

दुसरा चहाडखोर म्हणजे पाणी. साइट कोकणात असेल तर भेट डिसेंबरात द्यावी. आकाश निळे, फोटो स्वच्छ, मासे ताजे. साइट ॲनालिसिसच्या शीटवर पाऊस सुमारे तीन हजार मिमी असे ठळक लिहावे, शेजारी निळे बाण काढावेत आणि ती शीट तिथेच सोडून द्यावी. डिझाइनशी तिचा संबंध येऊ देऊ नये. पुढे सपाट छप्पर आणि कडेला तीन इंचाची नाजूक स्लॅब. गच्चीला ढाळ द्यायचा विचार मनात आणू नये, कारण बारा मीटर लांबीला शंभरास एक एवढा ढाळ दिला तरी दूरच्या टोकाला १२० मिमी ब्रिकबॅट कोबा चढतो, वर पॅरापेट येतो, आणि रेंडरमधली ती सुरीसारखी कड पोळपाटासारखी दिसू लागते. सूर्याचेही तसेच. पुण्यात जूनच्या अखेरीस भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरात दक्षिणेला क्षितिजापासून साधारण अठ्ठेचाळीस अंशांवर येतो. छज्जा किती बाहेर काढायचा हे यावरून पाच मिनिटांत निघते. म्हणूनच ती पाच मिनिटे झाडांचे आणि पतंग उडवणाऱ्या मुलाचे कटआउट शोधण्यात घालवावीत. रेंडर नेहमी संध्याकाळी सहाचा असावा. त्या वेळी सगळ्याच इमारती बऱ्या दिसतात.

इथे कोणी थोरांचे दाखले देईल. ल कॉर्बुझिएचे व्हिला साव्हॉय गळत होते, मालकीणबाईंनी तक्रारीची पत्रे लिहिली होती. फ्रँक लॉइड राइटचे फॉलिंगवॉटर गळत होते आणि त्याच्या पुढे काढलेल्या स्लॅब इतक्या झुकल्या की २००२ साली त्यांना ताण देऊन सावरावे लागले. मग आमचेच काय घेऊन बसलात? दाखले खरे आहेत आणि ज्युरीत उपयोगीही आहेत, पण अर्धेच सांगावेत. त्या इमारती बांधल्या गेल्या म्हणून गळल्या, आणि गळल्या म्हणून लोकांना काही कळले. सिडनी ऑपेरा हाउसची गोष्टही अशीच सांगायची असते. योर्न उट्झनने १९५७ साली कवचांचे रेखाटन देऊन स्पर्धा जिंकली तेव्हा ती कवचे बांधायची कशी हे सुटलेले नव्हते. तेव्हा फॉर्म आधी, बाकी मागाहून, हे सिद्ध झाले. गोष्ट इथेच थांबवावी. पुढची काही वर्षे तो आणि त्याचे इंजिनियर त्या वळणांशी झगडत होते, मग सगळी कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापता येतील असा तोडगा निघाला आणि त्यामुळे बरगड्या साच्यात ओतणे शक्य झाले, हा भाग उगाच ऐकणाऱ्याच्या डोक्यात भरतो. आज पोस्टरवर जो आकार दिसतो तो स्पर्धेतला नाही, त्या झगड्यातून निघालेला आहे, हे तर अजिबात बोलू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप कल्पनाशक्तीच्या बाजूने येतो. संडास, ढाळ, पायऱ्या यांत पहिल्या वर्षापासून अडकवले तर मुलांची प्रतिभा मरेल, हे काम पुढे ऑफिसात आपोआप शिकता येते, असे पुष्कळ जण म्हणतात. हा आक्षेप आपल्या पथ्याला इतका सोयीचा आहे की तो जपला पाहिजे, आणि त्यासाठी दोन इमारतींपासून विद्यार्थ्याला दूर ठेवणे भाग आहे. पहिली मुंबईच्या कंबाला हिलवरची, १९८३ सालची चार्ल्स कोरियांची कांचनजंगा. तिच्या कोपऱ्यांतल्या दुमजली खाचा प्रत्येक विद्यार्थ्याने फोटोत पाहिलेल्या असतात आणि बऱ्याच जणांनी आपल्या हाउसिंगला लावलेल्याही असतात, इमारतीचे तोंड कुठेही असो. फोटो पाहायला हरकत नाही. खाचा आल्या कुठून ते मात्र वाचू नये. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, देखावा पश्चिमेला, आणि दुपारचे ऊन व पावसाची झडही पश्चिमेकडूनच. हवे असलेले आणि नको असलेले एकाच खिडकीतून आत येते. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा घेतला होता. कोरियांनी तोच व्हरांडा अठ्ठावीस मजल्यांच्या टॉवरच्या कोपऱ्यांत दुमजली गच्च्या करून चढवला. म्हणजे ज्या खाचांना आपण फॉर्म म्हणून डोक्यावर घेतो, त्यांच्या मुळाशी पावसाची तक्रार आहे. हे एकदा समजले की विद्यार्थी पावसाकडे अडचण म्हणून पाहायचे सोडून कच्चा माल म्हणून पाहू लागतो, आणि मग त्याला शिंपला लागत नाही.

दुसरी इंदूरची अरण्य वसाहत. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले, जे. जे.त शिकलेले, १९५१ साली पॅरिसला कॉर्बुझिएच्या स्टुडिओत गेले आणि पुढे अहमदाबादेत त्याच्या इमारतींच्या बांधकामावर देखरेख करत उभे राहिले. तिथे उन्हात उभे राहून माणसाचे काय होते याचा नमुना म्हणजे अरण्य. सुमारे ६,५०० भूखंडांच्या या वसाहतीत गरिबांतल्या गरिबाला पूर्ण घर दिलेच नाही. जोते, पाणी आणि संडास-मोरी दिली, वरचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. नमुन्यादाखल ऐंशी घरे बांधून दाखवली. जे आपण शीटच्या कोपऱ्यात दोन चौकोनी रेघोट्या मारून मोकळे होतो, ते इथे सबंध मांडणीचे बीज आहे, आणि त्याच्यावर जिने, ओटे, कट्टे अशी कल्पनाशक्ती फुटली आहे की कॉन्सेप्टवाल्यांनी हेवा करावा. २०१८ साली दोशींना वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, हा पुरस्कार मिळालेले ते पहिले भारतीय. संडासाने प्रतिभा मरते हे म्हणणाऱ्याला अरण्य दाखवणे हा उद्धटपणा होईल, तेव्हा दाखवू नये.

राहिला एक प्रामाणिक आक्षेप: विद्यार्थी काही बांधत नाही, मग त्याची चूक कळणार कशी, कागद थोडाच गळतो? दुर्दैवाने कागदही गळतो. गॅलरीच्या फरशीवर खडूने खोली खऱ्या मापात आखली, तिच्यात पलंगाएवढी सतरंजी टाकली आणि दार उघडते तसा हात फिरवला, तर दहा मिनिटांत सगळे कळते; खडू फुकट मिळतो ही या शिक्षणपद्धतीतली मोठी पळवाट आहे. खिडकीचा एक सेक्शन १:२० मापात काढला की पाण्याचा थेंब सिलवरून आत येतो की बाहेर जातो हे पेन्सिलच उघडे पाडते. मागच्या सेमिस्टरची शीट भिंतीला लावून ठेवणे तर सर्वांत घातक. सबमिशन झाल्या दिवशी ती गुंडाळून माळ्यावर टाकावी. सॉफ्टवेअरबद्दल फार बोलायला नको. ते निरुपद्रवी आहे, आणि एआयने काढलेल्या चित्रांत तर जिने मुळातच कुठे जात नाहीत, त्यामुळे तो प्रश्न निकालात निघाला आहे.

हे पथ्य प्रशिक्षणाच्या सेमिस्टरपर्यंत निर्धोक चालते. त्यानंतर मात्र ऑफिसात पहिल्याच सोमवारी टॉयलेटचे डिटेल हातात येते आणि दुसऱ्या आठवड्यात साइटवर पाठवतात. तिथे मिस्त्री ड्रॉइंग हातात घेऊन विचारेल, “मॅडम, नहाणी ट्रॅप दाराशी दाखवलाय आणि शॉवर पलीकडच्या भिंतीला. पाणी कुठनं न्यायचं?” अशा वेळी “ड्रॉइंगप्रमाणे करा” एवढेच म्हणावे आणि फोन कानाला लावावा. मिस्त्री ड्रॉइंगची घडी घालून खिशात ठेवील, लेव्हल पाइप मागवील, ट्रॅप शॉवरखाली घेईल आणि तिकडे ढाळ काढून मोकळा होईल.