दिव्याखालचा अंधार

नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराचं काळ्या पाषाणातलं देऊळ 1755 साली बांधायला घेतलं, ते पुरं झालं 1786 मध्ये. 31 वर्षं! कारागिरांना नावं ठेवण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं, की तेव्हा दिवस मावळला की काम आवरायचं. तेल जाळून छिन्नी चालवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

घरोघरीही उजेडाचा हिशेब असाच काटेकोर होता. त्यात मानपानही होता. समई देवापुढे, तिला गोडं तेल. लामणदिवा मंगलकार्याचा. कंदील पुरुषांचा. यजमानांना पहाटे कुशावर्तावर स्नानाला न्यायचं, तर उपाध्येबुवांच्या हाती तो हवाच. 1916 साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काचकारखाना निघाला आणि पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर पोचला, तेव्हा ओसरीवरची खुंटी त्याला मिळाली.

स्वयंपाकघराच्या वाट्याला घासलेटची चिमणी. पत्र्याची, बिनकाचेची, उजेड वीतभर, काजळी हातभर. तिच्या उजेडात भाकरी करपलेली दिसायची नाही. तीच भाकरी ओसरीवरच्या ताटात पडली की कंदिलापुढे लख्ख दिसायची. मग बोलणी कुणी खायची, हे सांगायला नकोच.

आणि त्या कंदिलाची काच रोज तिन्हीसांजेच्या आत राखेनं पुसायची कुणी? जिच्या नशिबी चिमणी, तिनंच. मोठ्या माणसाचा पंजा काचेत शिरायचा नाही, म्हणून घरातल्या धाकट्या मुलीला हाक जायची. ‘फुटली तर बघ’ हा दम आधी, काच नंतर. दिव्याखाली अंधार, हे पहिल्यांदा म्हटलं ते अशाच एखाद्या बाईनं, याबद्दल मला शंका नाही.

आता तीच चिमणी हॉटेलवाले हौसेनं भिंतीवर टांगतात आणि लोक तिच्याखाली बसून फोटो काढतात. उशिरा का होईना, तिला ओसरी मिळाली. घासणारे हात मात्र बदललेले नाहीत. आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा असते. तेव्हा त्र्यंबकात पाऊस असा कोसळतो, की समोरचा ब्रह्मगिरी गडप होतो. चिंच लावून घासलेली पितळ कितीही पुसा, दमटच राहते. कपाळाला आठ्या घालून बायका पुन्हा पुसत बसतात.

तर ओसरीवरच्या मंडळींना एक विनंती आहे. यंदाच्या दीप अमावास्येला चिंचेचा गोळा तुम्ही हातात घ्या आणि समईच्या खाचाखोचांत बोटं घाला. तोवर कणकेचे गोड दिवे आम्ही उकडून ठेवतो. तुपाची धार किती सोडायची, ते पितळेची चकाकी बघून ठरवू.