पाणी पिवळं झालं आणि चेहरे पांढरे

अहो, ऐकलंत का? रविवारी तुम्ही नेमक्या साखरपुड्याला गेलात आणि इकडे पार्किंगमध्ये काय काय झालं म्हणून सांगू! या, जरा अलीकडे या. सेक्रेटरींच्या बाल्कनीचं दार उघडं आहे, उगाच ऐकू जायचं.

तो मुलगा आला होता ना, टायवाला. पाणी शुद्ध करायच्या मशीनचा. ‘फ्री वॉटर टेस्ट’ असा बोर्ड घेऊन. कंपनीचं नाव जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. पण वॉचमननं त्याला आत सोडलंच कसं? एरवी माझ्या भावालासुद्धा रजिस्टरमध्ये सही करायला लावतो! तर म्हणे सेक्रेटरींनीच परवानगी दिली होती. हे लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

तर त्यानं टेबल मांडलं, वर दोन काचेचे ग्लास. एकात दोनशे तीनवाल्या वहिनींच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. मग पिशवीतून एक यंत्र काढलं, खाली धातूच्या कांड्या लोंबकळणाऱ्या. त्या दोन्ही ग्लासांत सोडल्या आणि वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून बटण दाबलं. बघता बघता नळाचं पाणी आधी पिवळट, मग तपकिरी, आणि वर हिरवट-काळा गाळ तरंगायला लागला. आरओचा ग्लास मात्र जशाचा तसा! मुलगा हळू आवाजात म्हणतो, “मॅडम, हेच पाणी तुमची मुलं रोज पितात.”

वहिनींचा चेहरा बघायला हवा होता हो. पांढराफटक. त्यांच्या सासूबाई “शिव शिव शिव” करत मागे सरकल्या. पहिल्या मजल्यावरच्या त्या नव्या सुनेनं तर तिथल्या तिथे ईएमआय किती बसेल विचारलं. तिची चूक नाही म्हणा. २०२५च्या जानेवारीत ती जीबीएसची साथ आली तेव्हापासून पुण्यात पाण्याचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. तुम्हाला आठवतंय ना, किरकटवाडी, धायरी, आपल्या सिंहगडाच्या वाटेवरचं नांदेड… धडधाकट माणसांच्या हातापायातली ताकद गेली, काही जण व्हेंटिलेटरवर. महिनाभर मी घरात गाळलेलं पाणीसुद्धा उकळत होते, गॅस किती जळाला ते विचारू नका. आणि त्यातली गंमत म्हणजे, गंमत कसली, तिथे वीस-वीस लिटरचे जार विकणारे खासगी आरओ प्लांट होते ना, त्यांचं पाणीही पिण्यालायक नाही निघालं. कॉर्पोरेशननं बंद केले. म्हणजे आरओ लिहिलं की झालं असं नाही. पण हे त्या घटकेला कोणाला आठवतंय?

तर काय सांगत होते… हां, माई! माई मागे खुर्ची टाकून लसूण सोलत बसल्या होत्या. तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीय त्यांनी, पण एरवी बोलतात कुठे. शांतपणे उठल्या, म्हणाल्या, “बाळ, त्या चांगल्या पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ घालू का?” मुलगा म्हणाला, “आजी, डेमोमध्ये तसं अलाऊड नाही.” “का रे? मीठ म्हणजे विष आहे का? तू जेवतोस ना?” असं म्हणत लहान नातवाला वर पिटाळलं, मिठाची बरणी आणवली आणि घातलं की हो! बटण दाबायला लावलं. आणि त्या आरओच्या पाण्यात अस्साच तपकिरी गाळ! वहिनींच्या पाण्यापेक्षा जास्तच, मला तर वाटतं.

मुलाचा चेहरा असा पडला की मला त्याची दयाच आली. टार्गेट असतं हो त्यांना.

माईंनी मग सगळ्यांना समजावलं. त्या कांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज जाते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात उतरतो. घाण पाण्यातली नव्हे, कांडीची! आरओच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात, वीज जायला वाटच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. आमचे हे मागून म्हणाले, “म्हणजे जादूचा प्रयोग.” मी डोळे वटारले, पण मनात म्हटलं, बरोबर आहे.

पण मुलगाही चिवट. खिशातून ते पेनासारखं टीडीएस मीटर काढलं. आमच्या नळाचा आकडा आला शंभराच्या आत. खडकवासल्याचंच पाणी ना ते. माई म्हणाल्या, “पिण्याच्या पाण्याला बीआयएसनं ५०० पर्यंत चालतं म्हटलंय. मग यात काय वाईट?” तो म्हणे, “मॅडम, जेवढं कमी तेवढं चांगलं.” “आणि या मीटरला जंतू दिसतात का?” गप्प! एकदम गप्प! क्षार मोजतं ते फक्त. गटाराचं पाणी मिसळलं काय आणि पन्हं मिसळलं काय, त्याला सगळे क्षार सारखेच. जंतूंसाठी यूव्हीवालं साधं मशीन पुरतं, नाहीतर खळखळून उकळायचं. २०१९मध्ये हरित लवादानंच सांगितलं होतं की पाण्याचा टीडीएस ५००च्या आत असेल तिथे आरओ लावू देऊ नका. पण लवाद काय म्हणतो ते तुमच्या दारावर येऊन कोण सांगतंय? दारावर येतो तो हा टायवाला.

आता माझ्या नणंदेचं वेगळं. ती वाघोलीला, बारा महिने टँकर. कुठल्या बोअरचं पाणी येतं देव जाणे, कुकर आतून पांढरा होतो, डाळ शिजत नाही, केस तर… तिला हवाच आरओ, मी नाही म्हणत नाही. पण आपल्याला कशाला हो? लिटरभर पाणी गाळायचं आणि तीन लिटर मोरीत सोडायचं. वरती ती एएमसी, वार्षिक देखभालीचा करार! मशीन एकदा घेता येतं, पण मेंब्रेन, कँडल, कार्बन, दर वर्षी हजारांत जातात. आता तर मोबाईलवर मेसेज येतो म्हणे, ‘तुमच्या फिल्टरचं आयुष्य १२ टक्के उरलं आहे.’ आमच्या आजेसासूबाईंनी तुरटी फिरवून आणि सुती कापडातून गाळून नव्वदी गाठली, त्यांना नाही कोणी असे मेसेज केले.

पण खरी मजा पुढेच आहे. माईंनी लसणाची परात उचलली आणि जाता जाता, अगदी सहज, विचारलं, “कॉर्पोरेशनचं पाणी मीटरवर चांगलं आहे. पण ते आधी आपल्या टाकीत पडतं ना? गच्चीवरची टाकी धुतली कधी शेवटची?”

अहो, टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सगळे वळून सेक्रेटरींकडे बघायला लागले. ते म्हणाले, “रेकॉर्ड बघावं लागेल.” रेकॉर्ड! खजिनदार लगेच म्हणाले, “मी तरी दोन वर्षांत त्याचं बिल पास केलेलं नाही.” झालं! वहिनींचा पांढरा चेहरा एकदम लाल. “मेंटेनन्स घेता तो कशाचा?” वगैरे वगैरे. मग वॉचमन आणि दोन मुलं वर गेली. झाकण अर्धं उघडं, आत कबुतरांची पिसं, आणि एक स्लिपर! लहान मुलाची. कोणाची ते अजून कळलं नाही, पण माझा संशय चारशे एकवर आहे.

त्या गोंधळात टायवाल्यानं सामान गुंडाळलं आणि गेला बिचारा. नव्या सुनेनं पैसे भरले नाहीत, बरं झालं.

आणि आता जे सांगते ते तुमच्या-माझ्यात. सेक्रेटरींकडे तेच मशीन गेल्या महिन्यातच बसलंय! तीच कंपनी! आपल्या मावशी त्यांच्याकडे भांडी घासतात ना, त्या म्हणाल्या, “ताई, सिंकमध्ये एक बारीक नळी सोडलीय, दिवसभर पाणी गळत असतं.” म्हणजे टाकीचं यांना ठाऊक होतं म्हणायचं की नाही? आणि चार गिऱ्हाइकं आणली की पहिल्या वर्षाची एएमसी माफ, अशी स्कीम आहे म्हणे. मी काही म्हणत नाही. मावशी म्हणतात.

तर येत्या रविवारी टाकी धुवायचीय, दुपारपर्यंत नळाला पाणी नाही. पिंप आदल्या रात्रीच भरून ठेवा. आणि फरशी पुसायला कमी पडलंच तर सरळ सेक्रेटरींकडे बादली घेऊन जा. नळीखाली लावायची आणि म्हणायचं, “वाया जातंय म्हणून आले हो.” बघू तरी काय म्हणतात!